दुसरा अंक कुठाय?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मराठी कॉमिकच्या पहिल्या अंकाचे दोन्ही खोके माळ्यावर चढवले आहेत. वाळवी लागू नये म्हणून खाली फळी टाकली आहे आणि वरून जुनी चादर. एकही अंक मी वाटलेला नाही आणि एवढ्यात वाटणारही नाही. "काका, तुमच्याकडे पोरं येतात, देऊन टाका फुकट, निदान वाचतील तरी," एवढं बोलून तू रिक्षात बसलीस. बाबांचं म्हणणं, फुकट दिलं की किंमत राहत नाही. मित्रांचं म्हणणं, आधी फुकट दे, पैसे मागून येतात. तू मध्ये लटकलेली, आणि कौल मी द्यायचा.

तर ऐक. अंक मी गल्ल्यावर बसून सलग वाचला. तो पोरगा पावसात सड्यावर, कोकणातल्या त्या उघड्या कातळाच्या माळावर, आडवा होतो आणि कातळात कोरलेल्या माणसाच्या रेषेत त्याचं अंग बरोबर बसतं, ते पान मी दोनदा उलटून पाहिलं. त्या पानावर संवादाचा एकही फुगा नाही. तुझ्या वयात ही छाती नसते, सगळे पान शब्दांनी भरून टाकतात. मग बत्तिसावं पान. सड्याखाली भुयार, आत उजेड, पोरगा वाकून बघतोय आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "क्रमशः". मी लगेच फोन लावला. दुसरा अंक कुठाय? तर तू म्हणालीस, "अजून काढला नाहीये काका, आधी रिस्पॉन्स बघू."

तिथे माझं डोकं फिरलं. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

दुसरा अंक छापून हातात असल्याशिवाय पहिला फुकट वाटू नकोस. फुकट द्यावं की नाही हा वाद बाबांशी आणि मित्रांशी घालत बसण्यात काही अर्थ नाही, कारण दोघंही पहिल्याच अंकाबद्दल बोलत आहेत.

तू त्या अमेरिकेतल्या फुकट कॉमिक्सच्या दिवसाचा दाखला दिलास, दुकानं अंक फुकट वाटतात तो. तो दिवस कसा सुरू झाला ते ठाऊक आहे का? कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड गावात जो फील्ड नावाचा एक कॉमिक्सवाला. त्याच्या शेजारी आइस्क्रीमचं दुकान. एकदा त्यांनी फुकट स्कूप वाटले आणि ही रांग लागली. याने ती रांग पाहिली आणि २००१ मध्ये दुकानदारांच्या एका मासिकात लिहिलं की आपणही असं करू. २००२ च्या मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, ४ तारखेला, ते झालं. आदल्याच दिवशी स्पायडरमॅनचा सिनेमा लागला होता, आणि वाटलेल्या अंकांत स्पायडरमॅनच्या नव्या मालिकेचा पहिला अंक होता. सिनेमा बघून आलेलं पोर दुकानात शिरलं, पहिला अंक फुकट मिळाला, आणि त्याच मालिकेचे पुढचे अंक समोरच्या फळीवर मांडलेले. तू फक्त फुकट वाटलेलं बघितलंस. मला ती फळी दिसते.

आणि दुकानदाराला ते अंक फुकट मिळत नाहीत बरं का. प्रतीमागे थोडे का होईना सेंट तो मोजतो. उरलेल्या फळीवरून ते सुटतील या भरवशावर मोजतो. फळी रिकामी असती तर त्याने घरचे पैसे घालून रस्त्यावरच्या पोरांना कागद वाटले असते का? मी तरी वाटले नसते.

त्याहून जुनी गोष्ट सांगतो, कारण तुझ्या मित्रांना वाटतं की फुकटाची कल्पना इंटरनेटने काढली. कॉमिक बुक ही वस्तूच मुळात फुकट वाटण्यासाठी जन्मली. १९३३ मध्ये ईस्टर्न कलर नावाच्या छापखान्याने वर्तमानपत्रांतल्या रविवारच्या चित्रपट्ट्या लहान आकारात छापून त्यांचं पुस्तक बांधलं, आणि साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने ते कुपनं पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटलं. या धंद्यातला मॅक्स गेन्स म्हणून एक विक्रेता होता. त्याच्याबद्दल असं सांगतात की अशा काही फुकट प्रतींवर त्याने दहा सेंटच्या चिठ्ठ्या डकवल्या, पेपरच्या स्टॉलवर ठेवल्या, आणि शनिवार-रविवारात सगळ्या गेल्या. हा किस्सा सगळे मिटक्या मारत सांगतात आणि तिथेच थांबतात. पुढे काय झालं? १९३४ मध्ये 'फेमस फनीज' नावाने रीतसर अंक निघायला लागला. सुरुवातीला तोटा झाला, तरी पुढचा अंक निघत राहिला. १९५५ पर्यंत २१८ अंक निघाले. चिठ्ठी डकवणं कुणालाही जमेल. दोनशे अठरावा अंक काढून दाखव म्हणावं.

आता म्हणशील, काका, तुम्हाला काय कळतं यातलं, तुमची तर भाड्याने पुस्तकं देण्याची लायब्ररी. बरोबर आहे. पण वाचणारं पोर पुस्तक परत करताना कसं तोंड करतं हे मी आयुष्यभर गल्ल्यावरून पाहिलं आहे. ते छापणाऱ्याला दिसत नाही आणि काढणाऱ्यालाही दिसत नाही.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. मराठीतही यायचं. मी लायब्ररी घातली तेव्हा त्याचा भर होता. वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, काही गोष्टी दोन-दोन अंक चालायच्या. माझा नियम असा की दुसरा भाग फळीवर नसेल तर पहिला भाग कुणालाही द्यायचा नाही. दुसरा बाहेर गेलेला असला की पहिला मी गल्ल्याखाली ठेवून द्यायचो. लोक हसायचे. "पैसे देतोय ना, मग द्या की!" म्हणून भांडायचे. आमच्या घरातसुद्धा मला हेकट म्हणतात ते यावरूनच. नव्या मेंबराला पहिलं पुस्तक मी फुकट द्यायचो, हे मात्र कुणी आठवत नाही. फुकट द्यायचो, पण असंच पुस्तक द्यायचो ज्याचा पुढचा भाग त्याला दुसऱ्या दिवशी मिळेल. दुसऱ्या दिवशी पोर डिपॉझिटचे पैसे मुठीत घेऊन दारात उभं असायचं.

एक मुलगा होता, स्टेशनपलीकडून चालत यायचा. पहिला भाग मागितला, मी दिला नाही, दुसरा एका वकिलांकडे अडकला होता. तो रडकुंडीला आला, मी तरी दिला नाही. पुन्हा आला नाही तो. वाईट वाटतं, आजही वाटतं. बायको अजून म्हणते, दिला असतास तर तुझं काय गेलं असतं? जाणार काही नव्हतं. पण त्याने अर्धी गोष्ट घरी नेली असती, आठवडाभर वकिलांची वाट बघितली असती, आणि आठवड्याने त्याला वेताळही नको झाला असता आणि मीही. उद्या तो परत दारात आला तरी मी तेच करीन. असो. विषय तुझा आहे.

मग एक प्रकाशक आले. नाव सांगत नाही, माणूस सज्जन होता, उत्साही होता. मुलांसाठी मराठी कॉमिक्सचं मासिक काढणार होते. पहिल्या अंकाचा गठ्ठाच माझ्याकडे टाकला, म्हणाले, वाटा, वाचकवर्ग तयार होऊ दे. चार रंगांत छपाई, गुळगुळीत कव्हर, आणि शेवटच्या पानावर, अगदी तुझ्यासारखंच, "क्रमशः". मी त्यांच्या शब्दावर वाटले. पोरांनी अक्षरशः फाडून वाचले. पुढच्या महिन्यात पोरं विचारायला लागली, काका, दुसरा आला का? त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. प्रकाशक फोनवर सांगत होते, "रिस्पॉन्स बघून काढतो." अगं, रिस्पॉन्स माझ्या गल्ल्यासमोर चड्डीत उभा होता! दुसरा अंक कधी आलाच नाही. पोरं विचारायची थांबली, आणि नंतर कुठलंही नवं मराठी मासिक दाखवलं की तीच पोरं म्हणायची, "हे पण बंद पडेल." ते प्रकाशक दुसऱ्या धंद्यात गेले. तोंड मात्र मला द्यावं लागलं.

म्हणून तू फोनवर तोच शब्द उच्चारलास तेव्हा माझा आवाज चढला. तो राग तुझ्यावर नव्हता. थोडा तुझ्यावरही होता.

इंटरनेटचं म्हणशील तर तिथेही तेच दिसतं. फोलिओ नावाच्या अमेरिकन जोडप्याने २००५ मध्ये आपलं 'गर्ल जीनियस' हे छापील कॉमिक नेटवर फुकट टाकायला सुरुवात केली, आठवड्यातून तीनदा एकेक पान, आणि पुस्तकं विकत राहिले. फुकटापेक्षा मला त्यातलं "आठवड्यातून तीनदा" मोठं वाटतं. तूच मला फोनवर ते मांगाचं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं, ॲप दाखवलंस. शुएशा कंपनीने २०१९ मध्ये काढलेलं, त्यात मालिकेची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं फुकट. का, ते बघ. पहिली तीन वाचून पोर अडकतं, ताजी तीन बघून त्याला कळतं की गाडी अजून चालू आहे. आपल्याकडचं 'किशोर' घे. बालभारती १९७१ पासून काढते. जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात आणि नवा अंक दर महिन्याला विकत मिळतो. 'सकाळ'मध्ये १९९१ पासून चिंटू येत होता तेव्हा लोक पेपर उघडून आधी तेच पान काढायचे, कारण उद्याही तो तिथेच भेटणार हे माहीत होतं. पुढे त्याची पुस्तकं निघाली तेव्हा वाचक आधीच तयार होता.

बाबांना माझा निरोप सांग. भाजीवाली कोथिंबिरीची काडी फुकट घालते म्हणून कोथिंबिरीचा भाव पडत नाही. पण ती काडी ती भरलेल्या पिशवीत घालते. पाटी रिकामी असताना नुसत्या काड्या वाटत बसत नाही.

कॉमिक कॉनला, त्या कॉमिक्सच्या जत्रेत, स्टॉल लावून शंभर प्रती उधळायचा तुझा बेतही मला पटत नाही. तिथे येणारा माणूस कॉमिक्स वाचणाराच असतो, तिकिटाबरोबर त्याला एक अंक मिळालेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या पिशवीत इतके कागद जमतात की तुझा कुठला ते त्यालाही कळत नाही. विकायला जरूर जा. फुकट द्यायचं तर ज्याने अजून मराठी कॉमिक हातात धरलेलं नाही त्याला दे. तुझी गोष्ट सड्यावर घडते ना, मग राजापूर-रत्नागिरीकडच्या शाळांत जा. त्या पोरांच्या घरामागे ती कातळात कोरलेली चित्रं आहेत आणि ती कुणी कॉमिकमध्ये काढलेली त्यांनी पाहिलेली नाहीत. एका वर्गात पाचच प्रती दे, तीस नको. पाच दिल्या की त्या हातोहात फिरतात आणि भांडणं होतात. भांडणं झालेली चांगली. आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग असतो, सरकारी वर्गवारीतल्या लहान, 'क' आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयांतही चार पुस्तकं मुलांची असतात. तिथे दोन्ही अंक एकत्र दे, एक कधीच देऊ नकोस. ग्रंथपालाच्या हातात दे, टेबलावर ठेवून येऊ नकोस. टेबलावरचा कागद संध्याकाळी झाडूवाल्या बाईंच्या सुपात जातो.

आता कामाचं. पाचशे प्रतींतल्या शंभरच मी वाटायला काढणार, बाकीच्या विकायच्या. पन्नास रुपये किंमत ठेवली आहेस ती खोडू नकोस, फुकट द्यायच्या प्रतीवरही राहू दे. पोराला कळलं पाहिजे की आपल्याला पन्नास रुपयांची वस्तू मिळाली. शेवटच्या पानावर "क्रमशः"च्या खाली जागा आहे, तिथे रबरी शिक्का मारून घेऊ: दुसरा अंक कुठे मिळतो, केवढ्याला मिळतो. "लवकरच येत आहे" असलं काही लिहिलंस तर खोके रिक्षात घालून तुझ्या दारात आणून टाकीन.

दुसरा अंक बत्तीस पानांचाच कर, म्हणजे सोळा-सोळाचे दोन फर्मे, छापखान्याला सोपं जातं. भुयारात काय आहे ते मला सांगू नकोस, मला वाचायचं आहे. शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात. मार्चअखेर दुसरा अंक पिना मारून माझ्या गल्ल्यावर आला, तर सुट्टी लागायच्या आत आपण कोकणात जाऊ, एसटीने, खोके मी उचलीन. नाही आला तर पुढच्या सुट्टीत. खोके माळ्यावर आहेत, त्यांना खायला घालावं लागत नाही.

छपाईला पैसे कमी पडले तर बाबांकडे मागायच्या आधी माझ्याकडे ये. दुसऱ्या अंकासाठी मी देईन. पहिल्याच्या आणखी प्रती काढायच्या म्हणशील तर चहा पाजून परत पाठवीन.

तुझा,
लायब्ररीवाले काका