‘कंत्राटी कामगार’, ‘हंगामी कामगार’ की ‘एजन्सी कामगार’?

एका वाचकाने विचारले आहे, की कामगार कायद्यांवरील मजकूर मराठीत आणताना ‘टेम्पररी एजन्सी वर्क’ ही संज्ञा पानोपानी येते. तिच्यासाठी ‘कंत्राटी काम’ वापरावे की ‘हंगामी काम’, आणि असा कामगार प्रत्यक्ष ज्या ठिकाणी राबतो त्या कंपनीला काय म्हणावे? माझे मत आधीच सांगून टाकतो. दोन्ही शब्द मराठीत मुरलेले आहेत आणि दोन्ही येथे चुकतात. ‘कंत्राटी’ फार पसरट आहे, तर ‘हंगामी’ भलत्याच गोष्टीवर बोट ठेवतो.

शब्द निवडण्याआधी व्यवहार नीट पाहावा. यात पक्ष तीन असतात. मनुष्यबळ पुरवणारी संस्था, म्हणजे एजन्सी, कामगाराला स्वतःच्या नोकरीत घेते आणि दुसऱ्या आस्थापनेकडे पाठवते. तेथे काय करायचे, कसे करायचे आणि किती वाजता करायचे हे ती दुसरी आस्थापना सांगते. हे सगळे नाते आठवड्याच्या हजेरीपत्रकावर दिसते. वर नाव संस्थेचे असते, मधल्या रकान्यांत रोजचे तास भरलेले असतात आणि खाली सही असते ती ज्याने काम करून घेतले पण जो पगार देणार नाही अशा पर्यवेक्षकाची. सही झालेला हा कागद संस्थेकडे परत गेला, की त्यावरून दोन हिशेब निघतात, एक कामगाराच्या वेतनाचा आणि दुसरा आस्थापनेला पाठवायच्या बिलाचा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असतो आणि त्या फरकातून इतर खर्च वजा जाता जे उरते ती संस्थेची मिळकत. (जाता जाता, ‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि त्या भाषेत ते ‘देणे चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद आहे. ‘पैसे चुकते कोण करतो’ आणि ‘हुकूम कोण देतो’ या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी निघतात, हेच तर या व्यवस्थेचे मर्म.)

आता ‘कंत्राटी’ घ्या. मराठीत हा शब्द निदान तीन प्रकारच्या माणसांना लावला जातो. ज्याला आस्थापनेने स्वतःच ठरावीक मुदतीच्या करारावर नेमले आहे तो कंत्राटी. ज्याच्या ठेकेदाराने एखादे काम पुरे करून देण्याचा मक्ता घेतला आहे आणि जो त्या ठेकेदाराच्याच देखरेखीखाली राबतो तो कंत्राटी. आणि ज्याला केवळ मनुष्यबळ म्हणून पुरवले आहे तोही कंत्राटीच. पहिल्या प्रकारात पक्ष दोनच असतात. दुसऱ्यात तीन असले तरी काम ठेकेदार करवून घेतो. आपल्याला हवा असलेला अर्थ फक्त तिसऱ्यात आहे. हा घोळ केवळ बोलीतला नाही. भारतातील 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातील ‘कंत्राटदार’ या शब्दाच्या व्याख्येतच, ठरावीक फलनिष्पत्तीची हमी घेणारा आणि नुसते कामगार पुरवणारा हे दोघेही एकाच वाक्यात बसवले होते. कायद्यालाच फरक करण्याची गरज वाटली नाही, तेव्हा भाषेनेही वेगळा शब्द घडवला नाही. जेथे हा फरक कायद्याने केला आहे अशा देशांविषयी लिहिताना मात्र ‘कंत्राटी’ लिहिले, की वाचकाची दिशाभूल होते.

‘हंगामी’च्या बाजूने बोलण्यासारखे थोडे अधिक आहे. फारसी ‘हंगाम’ म्हणजे वेळ, समय. मराठीत तो पिकाच्या मोसमाला चिकटला आणि तेथून ‘हंगामी अध्यक्ष’ या प्रयोगात कायमची व्यवस्था होईपर्यंत मधल्या वेळेपुरता असलेला माणूस असाही अर्थ त्याला आला. फ्रेंचमध्ये नेमके हेच घडले आहे. लॅटिनमधील ‘दरम्यान’ या अर्थाच्या शब्दापासून तेथे ‘अँतेरिम’ आला. तो हंगामी अध्यक्षालाही लागतो आणि संस्थेमार्फत पाठवलेल्या कामगारालाही. म्हणून कोणी फ्रेंच मजकुरावरून ‘हंगामी कामगार’ केले, तर व्युत्पत्तीच्या अंगाने ते अगदी चोख आहे. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम सुगीच्या वेळी लागणारा मजूर उभा राहतो, आणि तो कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वर्ग आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. हे काम खरोखर तात्पुरते असते का? जर्मनीने 1972 मध्ये याविषयीचा कायदा केला तेव्हा एका कामगाराला एका आस्थापनेकडे सलग तीनच महिने ठेवता येत असे. पुढे ही मुदत सहा, नऊ, बारा आणि चोवीस महिने अशी ताणत गेली, मग काढूनच टाकली गेली, आणि 2017 मध्ये अठरा महिन्यांवर पुन्हा आली. बर्लिनमधील एका मोटार कारखान्यात एक कामगार अशा रीतीने मुदतवाढीवर मुदतवाढ घेत साडेचार वर्षांहून अधिक काळ होता. ते प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च 2022 च्या निकालात प्रश्न एका क्रियाविशेषणाचा होऊन बसला. न्यायालयाने म्हटले, की युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशातील (म्हणजे अशा कामाविषयी सदस्य देशांनी पाळायच्या नियमांतील) ‘तात्पुरते’ हे पद त्या जागेचे वर्णन करत नाही, तर कामगाराला तेथे ठेवण्याच्या रीतीचे करते. म्हणजे जागा कायमची असली तरी चालेल, पाठवणे तात्पुरते हवे. आणि एकामागून एक मुदतवाढी देऊन ते तात्पुरतेपण नुसते नावाला उरले, तर तो गैरवापर ठरू शकतो. आपल्या ‘तात्पुरता’ या शब्दातही ‘पुरता’ दडलेला आहे, आणि ‘कशापुरता?’ हा प्रश्न तेथेही मोकळाच राहतो.

इतर भाषांनी काळाऐवजी क्रियेवर भर दिला आहे. जर्मनीत रोजच्या बोलण्यात या कामाला ‘उसने काम’ या अर्थाचा शब्द आहे. तेथील कायदेपंडितांना तो खटकतो, कारण जर्मन नागरी संहितेत ‘उसने देणे’ म्हणजे मोबदला न घेता वापरायला देणे, आणि येथे तर मोबदला घेतला जातो. मराठीत ही पंचाईत हुबेहूब उतरते. शेजारून उसनी आणलेली साखर फुकटच असते. सरकारी कचेऱ्यांत एका खात्याचा कर्मचारी दुसऱ्याकडे ‘उसनवारी तत्त्वावर’ देतात, तेव्हाही धंदा कोणी करत नाही. अर्थाने अचूक शब्द ‘भाडोत्री’ हाच झाला असता. पण पैशासाठी कोणाच्याही बाजूने लढणाऱ्याचा डाग त्याला असा लागला आहे, की प्रामाणिकपणे टंकलेखन करणाऱ्या माणसाला तो लावण्याचे धाडस मी करणार नाही.

डच लोक या कामगाराला ‘बाहेर पाठवलेले बळ’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे रेडिओवरून कार्यक्रम प्रसारित करण्यालाही त्यांच्याकडे तेच क्रियापद आहे. जपानी शब्द ‘हाकेन’ म्हणजेही पाठवणे. 1985 च्या कायद्याने तेथे ही पद्धत मोजक्या कौशल्याच्या कामांपुरती मान्य झाली, 1999 मध्ये बहुतेक कामांना खुली झाली आणि 2004 पासून कारखान्यांतही आली. त्यानंतरच्या मंदीत कामाबरोबर निवाराही गमावलेल्यांसाठी 2008 च्या वर्षअखेरीस टोकियोच्या हिबिया उद्यानात तंबू आणि अन्नछत्र उभे राहिले, त्याला लोकांनी ‘हाकेन-गाव’ म्हटले. कायद्यातला रुक्ष शब्द अशा वेळी बोलीत कसा शिरतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. मराठीत ‘पाठवणे’ वरून शब्द घडवू म्हटले, तर ‘पाठवणी’ म्हणताच नवरी डोळ्यांसमोर येते, आणि ‘प्रेषित कामगार’ हा तर थेट धर्मग्रंथातून उतरलेला वाटेल.

या शब्दांमागे एक जुना वाद आहे. कामगार पुरवणारा हा दलाल की नियोक्ता? काम मिळवून देण्यासाठी गरजूकडूनच पैसे उकळणाऱ्या मध्यस्थांमुळे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1933 च्या करारात नफ्यासाठी चालणाऱ्या अशा कचेऱ्या बंद करण्याचे ठरवले. 1949 च्या करारात सदस्य देशांना टप्प्याटप्प्याने बंदी किंवा नियमन असे दोन पर्याय दिले. त्याच सुमारास अमेरिकेत वेगळीच वस्तू उभी राहत होती. 1946 मध्ये डेट्रॉइट येथे रसेल केली यांनी आणि 1948 मध्ये मिलवॉकी येथे दोन वकिलांनी, कचेऱ्यांना थोड्या दिवसांसाठी कर्मचारी पुरवणारा व्यवसाय सुरू केला. केली यांच्या कंपनीचे नाव 1957 पासून काही वर्षे ‘केली गर्ल’ असे होते, आणि हे काम कोणाचे समजले जाई हे त्या नावातच आले. येथे दलाली कामगाराकडून घेतली जात नव्हती. उलट त्याला वेतन दिले जात होते. मग जुनी बंदी यांना लागू का? स्वीडनने आपल्याकडच्या ‘फिरत्या टंकलेखन संस्थां’विषयी हाच प्रश्न विचारला, तेव्हा 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाने त्या दलालीतच मोडतात असे कळवले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या संविधान न्यायालयाने मात्र सरकारी रोजगार मध्यस्थीची मक्तेदारी या व्यवसायाला लागू करणे घटनाबाह्य ठरवले. 1972 मध्ये जर्मनी आणि फ्रान्स, 1994 मध्ये स्पेन आणि 1997 मध्ये इटली, असे देश एकेक करून कायदे करत गेले. अखेर 1997 च्या करार क्रमांक 181 ने अशा संस्थेला उघडपणे नियोक्ता मानले आणि, काही मोजके अपवाद सोडता, कामगाराकडून शुल्क घेण्यास मनाई केली. म्हणून ‘दलाल’, ‘मध्यस्थ’ हे शब्द 1997 पूर्वीच्या वादाविषयी लिहिताना योग्य आहेत. आजच्या कायद्याच्या अनुवादात ते वापरले, तर मिटलेला वाद पुन्हा उकरल्यासारखे होईल.

तेव्हा माझी शिफारस साधी आहे. लोक आजही ‘तो कंपनीचा नाही, एजन्सीचा आहे’ असेच म्हणतात. तोच धागा धरून कामगाराला ‘एजन्सी कामगार’, त्याच्या कामाला ‘एजन्सीमार्फत तात्पुरते काम’ आणि त्याला पाठवणाऱ्या संस्थेला ‘पुरवठा एजन्सी’ म्हणावे. ‘एजन्सी’ला संस्कृत प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक वेळच्या पाठवण्याला ‘नेमणूक’ म्हणणे टाळावे, कारण नेमणूक नियोक्ता करतो आणि येथे तो दुसराच असतो. फ्रेंच कायद्यात अशा प्रत्येक पाठवण्याला ‘मिसियाँ’ म्हणतात, आणि त्याला आपल्याकडे ‘कामगिरी’ हा तयार शब्द आहे. माणसाला कामगिरीवर पाठवतात आणि ती संपली की तो परत येतो. फ्रान्समध्ये अशी कामगिरी संपताना सामान्यतः एकूण वेतनाच्या 10 टक्के रक्कम वेगळी द्यावी लागते, आणि संपावर गेलेल्यांच्या जागी कोणालाही कामगिरीवर पाठवता येत नाही. ही दोन्ही वाक्ये ‘कामगिरी’मुळे मराठीत विनासायास बसतात. राहिली ती तिसऱ्या पक्षाची गोष्ट. ‘वापरकर्ती आस्थापना’ हा शब्दशः अनुवाद झाला, पण त्यात माणूस वापरायची वस्तू होतो. ‘काम करून घेणारी आस्थापना’ लांब असले तरी खरे आहे.

हे शब्द घेऊन युरोपीय निर्देशातील समान वागणुकीचा नियम असा लिहिता येईल: एजन्सी कामगाराला, त्याची कामगिरी चालू असेपर्यंत, काम करून घेणाऱ्या आस्थापनेने त्याच कामासाठी थेट नेमले असते तर मिळाल्या असत्या त्याहून कमी प्रतीच्या वेतन आणि कामाच्या मूलभूत अटी लावता येणार नाहीत. यात ‘तात्पुरता’ हा शब्द कोठेही आलेला नाही आणि त्यावाचून काही अडलेलेही नाही.