टीममधल्या माणसाला कामातली चूक सांगायची आहे, पण विश्वास तुटू नये. कसं बोलावं?

बोलण्याआधी दोन ओळी लिहून काढा: काय घडलं आणि त्याने काय अडलं. ‘तू बेजबाबदार आहेस’ म्हणालात की माणूस भांडायला उठतो. ‘३ पैकी २ रिपोर्ट मुदतीनंतर आले, त्यामुळे बिलं अडकली’ यावर बोलता येतं.

शक्यतो २-३ दिवसांत, एकट्यात बोला. मुद्दा पहिल्याच मिनिटात मांडा. इकडतिकडच्या गप्पांनी समोरचा जास्तच धास्तावतो. आधी-नंतर कौतुक आणि मधे टीका हा प्रकार तर सोडाच, पुढे खऱ्या कौतुकाचाही संशय येतो. मग ‘तुझ्या बाजूने काय झालं?’ विचारा आणि गप्प बसा. बहुतेक साहेब इथेच घसरतात. शांतता सहन होत नाही, म्हणून उत्तरही स्वतःच देतात. उशिराचं खरं कारण कधीकधी भलतंच निघतं: आकडेच दुसऱ्या विभागाकडून उशिरा येत असतात.

उठण्यापूर्वी कोण काय, कधीपर्यंत करणार ते ठरवा. त्यात एखादं काम तुमच्या वाट्याचंही हवं, आणि ते तारखेला झालंच पाहिजे. जे ठरलं त्याचा त्याच दिवशी छोटा मेल टाका. आवाज चढलाच, तर बोलणं थांबवा, पण पुढची वेळ तिथेच ठरवून.