व्ही. पी. रोडचे विठ्ठलभाई

प्रश्न : गिरगावातील व्ही. पी. रोड ज्यांच्या नावाचा, ते विठ्ठलभाई पटेल वकील होते, असे ऐकले आहे. मग कायदेमंडळात त्यांनी एवढे काय केले?

उत्तर : सरदार वल्लभभाईंचे हे वडील बंधू गोध्रा आणि बोरसद येथे वकिली करीत होते. वल्लभभाईंनी विलायतेला जाण्यासाठी मागविलेली कागदपत्रे ‘व्ही. जे. पटेल’ या नावाने आली आणि दोघांची आद्याक्षरे एकच असल्यामुळे थोरल्याने आधी जावे असे ठरले. १९०५ मध्ये गेलेले विठ्ठलभाई १९०८ मध्ये बॅरिस्टर झाले. (धाकट्यांना विलायतेला जाण्यासाठी १९१० पर्यंत थांबावे लागले!) १९१२ मध्ये विठ्ठलभाई मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा १९१८ चा कायदा त्यांच्याच विधेयकातून झाला.

ऑगस्ट १९२५ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदी ते ५८ विरुद्ध ५६ मतांनी आले. या पदावरचे ते पहिले निवडून आलेले अध्यक्ष. कायदेमंडळात शिरून सरकारला विरोध करणाऱ्या स्वराज्य पक्षाचा हा कडवा सभासद खुर्चीत बसल्यावर सरकारला भाषणांनी नव्हे, तर नियमांच्या पुस्तकाने अडवू लागला, आणि आमच्या मते त्यांची खरी वकिली येथेच दिसते. १९२८ मध्ये परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर ६१–६१ अशी समान मते पडली, तेव्हा एवढा असाधारण कायदा ज्यांना हवा आहे त्यांनी सभागृहाचे बहुमत मिळवून दाखवावे, अशी भूमिका घेऊन त्यांनी आपले निर्णायक मत विरोधात टाकले. सरकारने ते विधेयक पुन्हा आणले; पण ते चर्चेला येईपर्यंत कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा मीरत कटाचा खटला सुरू झालेला होता. न्यायप्रविष्ट प्रश्नाला हात न लावता या विधेयकावर चर्चा होणेच शक्य नाही, तेव्हा एक तर खटला मागे घ्या, नाही तर विधेयक लांबणीवर टाका, असे त्यांनी सुचविले. सरकारने दोन्ही नाकारले. ८ एप्रिल १९२९ रोजी यावरचा निर्णय सांगण्यास ते उभे राहत असतानाच भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांचे बॉम्ब सभागृहात पडले. तीन दिवसांनी विठ्ठलभाईंनी तो निर्णय दिलाच : विधेयक नियमबाह्य! व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना शेवटी वटहुकूम काढावा लागला.

एप्रिल १९३० मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनीव्हाजवळ त्यांचे निधन झाले आणि पार्थिव मुंबईला आणून येथेच अंत्यसंस्कार करण्यात आले.