मॉडेल रेल्वेच्या वाफेच्या इंजिनात पहिला साउंड डिकोडर बसवताना

साउंड डिकोडर म्हणजे रुळांतून आलेले डिजिटल आदेश वाचून इंजिनाची मोटर आणि आवाज चालवणारी छोटी चिप. आधी इंजिन साध्या डीसीवर (डिकोडरविना, थेट विजेवर) नीट पळतंय ना, ते बघा. अडखळणारं इंजिन डिकोडरने सुधारत नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मोटरचा ब्रश (तिला वीज पोचवणारा भाग) चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, टेकलेला राहणं. डिकोडर क्षणात जळतो (माझा पहिला असाच गेला, तो वास अजून आठवतो!). मल्टिमीटर लावा, मोटर आणि चाकं यांच्यात कुठेही कंटिन्युइटी (विजेचा जोड) दिसता कामा नये. मग जोडणी:

- लाल-काळी वायर रुळांकडून
- नारिंगी-करडी मोटरला

स्पीकर टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात), पण बंद डबीतच. उघडा ठेवलात तर भकभक अगदीच क्षीण ऐकू येईल.

पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरच्या सेटिंगसाठीच्या, कमी करंटच्या वेगळ्या रुळावर) घ्या. नव्या डिकोडरचा पत्ता (कंट्रोलरवरून त्याला बोलावायचा क्रमांक) बहुधा ३ असतो. बाकी सीव्हींच्या (डिकोडरच्या सेटिंगच्या) नादी इतक्यात लागू नका.