दुसऱ्या हाताचा रकाना

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. माणसाचा कामाचा, आवडता हात कोणता हे शोधायची तुझी प्रश्नावली वाचली. लिहिताना कोणता हात, कात्री कोणत्या हातात, दात कोणत्या हाताने घासता, काडेपेटीची काडी कोणत्या हाताने ओढता. ही मानसशास्त्रज्ञ ओल्डफील्डची १९७१ सालची, डावं-उजवेपण मोजायची एडिंबरा यादी, आणि तू ती जशीच्या तशी उतरवली आहेस. शहरातल्या माणसाला ती चालते. पण तू निघालीस टांझानियात, इयासी सरोवराच्या बाजूला, शिकारीवर आणि रानातल्या अन्नावर जगणाऱ्या हाड्झा लोकांच्या वस्तीवर. तिथली बाई टोकदार काठीने कंद उकरते, गडी गोरखचिंचेच्या खोडात खुंट्या ठोकत मधाच्या पोळ्यापर्यंत चढतो. त्यांना टूथब्रशचं काय विचारणार?

विचारू नकोस, बघ. आणि बघायचं कसं, ते माझ्या चुकीवरून सांगतो. तरुणपणी मी खुरपणाऱ्या बायांच्या बांधावर बसून दिवसभर 'उजवा, उजवा' असं लिहीत गेलो. वही भरली, मी खूश. रात्री लक्षात आलं की डावा हात गवत मुठीत धरत होता, उपटत होता, माती झटकत होता, बाजूला टाकत होता, आणि माझ्या वहीत त्याचं नावसुद्धा नव्हतं. एकाच बाईच्या एकाच सरीतल्या शंभर फटक्यांचे मी शंभर पुरावे धरले होते, ती दुसरी चूक. तो फार तर एक पुरावा. म्हणून माणूस वेगळा, काम वेगळं, वेळ वेगळी असं नोंदव.

१९९५ साली मार्चंट, मॅकग्रू आणि आयब्ल-आयबेसफेल्ट या संशोधकांनी बोट्स्वानातले ग्वी, नामिबियातले हिंबा आणि व्हेनेझुएलातले यानोमामी या तीन समाजांची रोजच्या व्यवहाराची फिल्म बघून हातांच्या नोंदी केल्या. खाणं, खाजवणं, उचलणं, देणंघेणं यांत दोन्ही हात बऱ्यापैकी मिसळलेले निघाले. हातात हत्यार आलं, त्यातही ते बोटांच्या चिमटीत धरायचं असलं, की मात्र उजवा ठळकपणे पुढे आला. माझ्या मते या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं हेच: उजवेपण बरंचसं कामात असतं. तुझ्या तक्त्यात 'रिकामा हात', 'मुठीत हत्यार', 'चिमटीत हत्यार' असे तीन वेगळे रकाने हवेतच. (तिघांत मुळात शिकारीवर आणि रानातल्या गोळा केलेल्या अन्नावर जगणारे ते ग्वी. हिंबा गुरं राखणारे, यानोमामी केळी लावणारे. सगळ्यांना एका पंगतीत बसवू नकोस.)

धनुष्याचं तर भांडणच आहे. दोरी ओढणारा हात आवडता म्हणायचा, की ताणलेलं धनुष्य न हलू देणारा? दोन्ही लिही आणि निवाडा पुढे ढकल. कडेवर मूल असेल तर ते कोणत्या बाजूला, हेही लिही, कारण अडकलेला हात काम करत नाही म्हणजे तो नावडता नव्हे.

फोनचा पुढचा कॅमेरा वापरू नकोस. काही फोन आरशासारखं उलटं चित्र साठवतात. दुसऱ्या कुणाची जुनी फिल्म मिळाली तर आधी तिच्यातलं डावं-उजवं खरं आहे का, ते एखाद्या ओळखीच्या खुणेवरून पक्कं कर.

आणखी एक, आपल्याबद्दल. मी प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी तो खाली करायला लावायची. 'डावं-उजवं करणं' म्हणजे भेदभाव, हे आपण बोलायला लागल्यापासून शिकतो. जगभर दहातला जेमतेम एक डावखुरा, हेही तुला पाठ आहे. असे डोळे घेऊन गेलीस तर संशय आला तिथे आपोआप 'उजवा' लिहिशील. संशयासाठी वेगळी खूण ठेव, आणि ती वापरायला लाजू नकोस.

रविवारी सकाळी घरी ये. काकू विळीवर गवार चिरायला बसतील. पातं विळीच्या पाटाला, पाट पायाखाली, भाजी दोन्ही हातांत. सुरी कोणत्या हातात, या तुझ्या प्रश्नाला तिथे उत्तर कुठलं लिहितेस ते मला बघायचंय. येताना शिसपेन्सिल आण, आणि तक्ता कोराच आण.

तुझा,
सर