प्रोब हातात घेताना

डॉक्टर, गरोदर बाईची सोनोग्राफी करायला प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं उपकरण, हातात घेतलंत की सुरुवातीला सगळंच शोधायला जाऊ नका. गर्भ गर्भाशयातच आहे ना, एक की जुळी, ठोके दिसतात का, पुढच्या महिन्यांत डोकं खाली आहे का, वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, बाळाभोवतीचं पाणी किती, एवढं पक्कं जमू द्या. व्यंग शोधणं तज्ज्ञांवर सोडा.

बाळंतपणाची तारीख ठरवायची ती पहिल्या तिमाहीत, सीआरएलवरून, म्हणजे बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून. बाळ वाकलेलं असेल तर थांबा, हलू द्या. योक सॅक, म्हणजे बाळाजवळची छोटी पिशवी, मापात घेऊ नका. नंतरच्या मापांवरून ती तारीख बदलायची नाही. ठोके एम-मोडवर (हालचाल रेषेत दाखवणारी पद्धत) मोजा, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी पद्धत) लावू नका.

योनीमार्गे पाहतानाही सीआरएल ७ मिमीपेक्षा कमी असेल आणि ठोके दिसत नसतील, तर ‘गर्भ गेला’ हे शब्द तोंडातून काढू नका. किमान आठवड्याने पुन्हा बघा. पोटावरून तर आणखी जपून.

आणि मूत्राशय! मी एकदा वार खाली आहे असं सांगून बाईंना रडवलं होतं. त्या लघवी करून आल्या, पुन्हा पाहिलं, तर वार चांगली वर. भरलेल्या मूत्राशयाने गर्भाशयाची खालची भिंत दाबली गेली होती. तेव्हापासून मी आधी त्यांना बाथरूमला पाठवतो, मग बोलतो.