लहान कॅमेरा, वीस मिनिटांची फिल्म आणि साठ हजार रुपये

सर,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नववीची मुलं, वीस मिनिटांची गोष्ट, हातात सगळे मिळून ६० हजार रुपये. निम्मे सीन एसटी स्टँडवर आणि गावच्या जत्रेत, म्हणून कॅमेरा लोकांच्या नजरेत न भरणारा हवा. फोरके (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचं चित्र) लागेलच का, असं विचारलंय. भाचा दिवाळीत अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून मागवू का, हेही विचारलंय.

गेली बारा वर्षं मी कमी पैशांच्या फिल्म शूट करतोय. कॅमेरा निवडताना मी आता एकच गोष्ट आधी बघतो. उजेड, रंग, फोकस आणि आवाज या चार गोष्टी मी एकदा ठरवून दिल्या, तर हा कॅमेरा त्या तशाच ठेवतो का? घरगुती फोटोंसाठी बनवलेला कॅमेरा सतत काहीतरी सुधारत असतो. वाढदिवसाला ते बरं असतं. फिल्ममध्ये सकाळी अकराला घेतलेला शॉट आणि दुपारी तीनला घेतलेला शॉट एडिटला एकमेकांना लागून बसतात, आणि तिथे हीच सुधारणा सगळा सीन मोडते.

हे मला भोरकडच्या एका जुन्या वाड्यात कळलं. आजी आणि नातवाचा सीन होता, साडेतीन मिनिटांचा. आजींनी काम फार सुंदर केलं होतं. मी व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगांची जुळणी) ऑटोवर ठेवला होता आणि बाहेर ढग येत-जात होते. एडिटला बसलो तर आजींचं हिरवं लुगडं एका शॉटमध्ये हिरवं, पुढच्यात निळसर. त्याहून वाईट म्हणजे आवाज. कॅमेऱ्याचा ऑटो गेन चालू होता. आजी बोलायच्या थांबल्या की कॅमेरा आपोआप आवाज वाढवायचा आणि शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीची घरघर त्या शांततेत भरून यायची. सीनचा सगळा जीव त्या शांततेत होता. आजी त्याच वर्षी गेल्या, सीन पुन्हा घेता आला नाही.

म्हणून पहिलं काम, दुकानात कॅमेरा हातात घेतल्यावर मोडची चकती फोटोच्या ‘एम’वर आहे एवढं बघून समाधान मानू नका. बऱ्याच जुन्या छोट्या कॅमेऱ्यांत फोटो मॅन्युअल असतो, पण लाल बटण दाबलं की व्हिडिओ गुपचूप ऑटोवर जातो. शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंद ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) ठरवून द्या, रेकॉर्डिंग सुरू करा आणि काउंटरपासून दुकानाच्या दारापर्यंत चालत जा. बाहेरचा रस्ता पांढराफटक झाला पाहिजे. रस्ता नीट दिसला, तर कॅमेऱ्याने तुमचं ऐकलं नाही असं समजा आणि तो परत ठेवा.

शटर १/५०च का, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० असलं की प्रत्येक फ्रेममध्ये सारखाच उजेड जमतो. १/६० ठेवलं की चित्रावर आडवे पट्टे यायला लागतात. रात्री एसटी स्टँडवरच्या दिव्यांखाली हे हमखास होतं आणि एडिटमध्ये ते नीट काढता येत नाही. मेनूमध्ये पॅल (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत) निवडा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. सगळी फिल्म याच आकड्यांवर करा.

भाच्याच्या कॅमेऱ्याची गोम इथेच आहे. काही कंपन्यांच्या अमेरिकेत विकलेल्या मॉडेलांत २५ फ्रेम हा पर्यायच नसतो, फक्त २४, ३० आणि ६०. तसा कॅमेरा आलाच तर २४ फ्रेम आणि शटर १/५० असं चालवता येतं, पट्टे येत नाहीत. सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत पॅल-एनटीएससी (अमेरिकी पद्धत) बदलता येतं, कार्ड मात्र पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. पण वॉरंटीचा प्रश्न उरतोच. मुलांच्या हातात जाणारा कॅमेरा इथल्या बिलावर घेतलेला बरा.

आता ऊन. जत्रेत दुपारी शूट करणार असाल तर हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण लहान कॅमेरे इथेच अडतात. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० असेल तर ॲपर्चर साधारण एफ/१६ लागतं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). आपण शटर १/५० वर बांधून घेतलंय, म्हणजे एक स्टॉप उजेड आणखी वाढला, दुप्पट झाला. आणि मागची गर्दी थोडी धूसर करायला एफ/२.८ हवं असेल तर एकूण सहा स्टॉप उजेड कमी करावा लागतो. ते काम एनडी फिल्टरचं, म्हणजे लेन्सवरच्या काळ्या काचेचं. सहा स्टॉपसाठी एनडी६४ लागतो. एनडी नसेल तर माणूस नाइलाजाने शटर १/२००० वर नेतो, आणि मग पळणारी मुलं, फिरणारा पाळणा, उधळलेला भंडारा सगळं तुटक-तुटक, टोचल्यासारखं दिसतं. लहान कॅमेऱ्यांच्या लेन्सला पुढे फिल्टर बसवायला आटे नसतात बहुतेकदा. म्हणून एकतर कॅमेऱ्याच्या आतच एनडी असलेला घ्या, नाहीतर आटे असलेल्या लेन्सचा.

आता नावं घेतो.

सोनी झेडव्ही-१ (२०२०) हा तुमच्या वर्णनाच्या सर्वांत जवळचा. तीनशे ग्रॅमच्या आत वजन, २४ ते ७० मिमीच्या तोडीची लेन्स (आकडा लहान तितकं चित्र रुंद), एफ/१.८ ते २.८, आत तीन स्टॉपचा एनडी, ३.५ मिमीचं माईकचं भोक, आवाजाची पातळी हाताने ठरवता येते, स्क्रीन बाजूला उघडते. चार गोष्टींपैकी चारही जागेवर राहतात. उणिवाही सांगतो. हेडफोनची सोय नाही, म्हणजे रेकॉर्ड होताना आवाज ऐकता येत नाही. बॅटरी छोटी, दिवसभराला चार तरी बाळगा. मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर’ नावाची ओळ आहे, ती ‘हाय’वर टाका, नाहीतर मेमधल्या उन्हात तो लवकर बंद पडेल. तीन स्टॉपच्या एनडीने भर दुपारी ॲपर्चर एफ/८-९ च्या आसपास येतं. उजेड ताब्यात राहतो, पण मागचं धूसर होत नाही. जत्रेत मागचं दिसायलाच हवं, असं माझं मत. त्यात एस-लॉग (नंतर रंग ताणण्यासाठी फिकट चित्र घेणारं प्रोफाइल) आहे, पण व्हिडिओ ८ बिटचा आहे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ छटा. लॉगमध्ये शूट करून नंतर ताणलं की आकाशात पायऱ्या दिसतात. साधं प्रोफाइल ठेवा, कॉन्ट्रास्ट जरा कमी करा.

त्याचे भाऊ झेडव्ही-१एफ आणि झेडव्ही-१ मार्क २ यांच्या नादी लागू नका. एकाची लेन्स २० मिमीवर बांधलेली, दुसऱ्याची १८ ते ५०. दोन्ही स्वतःकडे कॅमेरा धरून बोलणाऱ्यांसाठी आहेत. २० मिमीवर मुलाचा क्लोजअप घेतलात तर नाक पुढे येतं, कान मागे जातात. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ बद्दलही मुलं विचारतीलच. चालता-चालता घ्यायच्या शॉटला त्याला तोड नाही, पण लेन्स तीच २० मिमीच्या तोडीची. एखादा दिवस कुणाचा मिळाला तर जत्रेसाठी आणा, संवादांसाठी नको.

पॅनासॉनिक लुमिक्स जी७ (२०१५) खिशात मावत नाही. पण पिशवीत मावतो आणि सेकंडहँड बाजारात तुमच्या हिशेबात बसतो. लेन्स बदलता येते, पुढे आटे आहेत म्हणून एनडी लागतो, माईकचं भोक आहे, स्क्रीन पूर्ण फिरते. अंधारात दाणे लवकर दिसतात. फिल्म करायला शिकायची असेल तर मी मुलांच्या हातात हाच देईन, कारण शटर-ॲपर्चरच्या चकत्या बोटांखाली असतात, मेनूत शोधाव्या लागत नाहीत. सोनी झेडव्ही-ई१० मध्ये माईक आणि हेडफोन दोन्ही आहेत, सेन्सरही मोठा. पण एनडी वेगळा घ्यावा लागतो, आणि कॅमेरा झटकन फिरवला की खांब तिरके होतात. तो ट्रायपॉडवरच शोभतो.

सेन्सरच्या आकाराने घाबरून जाऊ नका. झेडव्ही-१ चा सेन्सर ‘एक इंची’ म्हणवतो, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिमी आहे. नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलंय. पण सुपर १६ फिल्मची (१६ मिमी रिळाचा रुंद प्रकार) फ्रेमही जवळजवळ तेवढीच असायची, साडेबारा बाय साडेसात मिमीच्या आत-बाहेर. त्या मापावर जगभर माहितीपट आणि कथापट झाले आहेत.

फोरकेचं थोडक्यात. महोत्सवात टूके पडद्यावर दाखवतात ते चित्र १९९८ बाय १०८० पिक्सेलचं असतं, म्हणजे तुमच्या फुल एचडीच्या अगदी जवळ. फोरकेचा खरा फायदा एकच कॅमेरा असताना होतो. मिडशॉटमधून एडिटला थोडं जवळ जाता येतं. खर्च मात्र बघा. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी. वीस मिनिटांच्या फिल्मसाठी आठपट शूट केलंत तर १६० मिनिटं, म्हणजे १२० जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायचीच, म्हणजे २४०. शाळेचा लॅपटॉप हे पेलत नसेल तर सरळ फुल एचडी ५० एमबीपीएसवर करा. मी तरी फोरकेसाठी एक सीनही अडवणार नाही.

पैसे मात्र आवाजासाठी आधी बाजूला काढा. ६० हजारांत नवा झेडव्ही-१ घेतलात तर बहुतेक सगळं तिथेच संपेल. म्हणून सेकंडहँड बघा. कॅमेऱ्याला ४० च्या वर जाऊ नका, १० आवाजाला, बाकीचे ट्रायपॉड, बॅटऱ्या, दोन कार्डं, एनडी आणि मुलांच्या जेवणाला.

दोन माणसांच्या संवादाला माझी पद्धत अशी. प्रत्येकाच्या शर्टात हजाराच्या आसपासचा वायरवाला कॉलर माईक, तो त्याच्याच खिशातल्या मोबाईलला, मोबाईल एअरप्लेन मोडवर, रेकॉर्डिंग सुरू. मग कॅमेऱ्यासमोर टाळी. कॅमेऱ्याच्या आवाजातली टाळी आणि मोबाईलमधली टाळी एडिटला जुळवली की झालं. कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवण्यापुरता. यात झेडव्ही-१ ला हेडफोन नसल्याची अडचणही निम्मी सुटते, कारण टेक झाल्यावर लगेच मोबाईलवर ऐकता येतं. ऐकाच. माईकच्या पिनेकडे बघा, मोबाईलच्या पिनेवर तीन रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. मोबाईलचा माईक थेट कॅमेऱ्यात खुपसला तर आवाज येतच नाही किंवा अर्धवट येतो. बोया बीवाय-एम१ सारख्या माईकवर मोबाईल-कॅमेरा असं बटण असतं, ते नीट ठेवा. आणि सीन सुरू होण्याआधी पंखा, फ्रीज, बोअरची मोटार बंद. फ्रीज बंद केलात की आपल्या चपला त्यात ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही.

उजेडाला दोन थर्माकोलच्या पांढऱ्या शीट. खिडकीशी माणूस बसवा, दुसऱ्या बाजूला थर्माकोल धरा, खोलीतली ट्यूब बंद करा. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड एका चेहऱ्यावर आला की कुठलाच व्हाइट बॅलन्स बरोबर बसत नाही. हलत्या शॉटला सायकल वापरा. मालेगावच्या मंडळींनी सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून अख्खे सिनेमे काढले, तुमच्या गावात तर दोन्ही आहेत.

सेकंडहँड घेताना सलग वीस मिनिटं रेकॉर्ड करून बघा, गरम होऊन बंद पडतो का. लेन्स पूर्ण झाकून काळा शॉट घ्या आणि मोठ्या स्क्रीनवर पांढरे-लाल ठिपके शोधा. माईक लावून पिन हलवत बोला, मग ऐका, खरखर आली तर घेऊ नका. एनडी चालू-बंद करून बघा. बिलावरचा नंबर कॅमेऱ्याखालच्या नंबराशी जुळवा.

आणखी एक, कॅमेरा लहान आहे म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. आगार व्यवस्थापकांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र देऊन आधी भेटा, पालकांची लेखी संमतीही घ्या.

कॅमेरा घेण्याआधी येत्या रविवारी एक सीन मोबाईलवर करा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, चालणाऱ्या मोबाईलवर त्यात २५ फ्रेम, १/५० शटर आणि व्हाइट बॅलन्स बांधून ठेवता येतं. दोन मुलं, एक खिडकी, एक थर्माकोल, दोन कॉलर माईक, दीड मिनिटाचा संवाद. एडिट करून इथे टाका. फ्रेम आणि आवाज बघून झेडव्ही-१ की जी७ हे मी नक्की सांगतो, आणि कोल्हापूर-पुण्याकडे ओळखीतला चांगला तुकडा विकायला आला तर तुमच्यासाठी ठेवायलाही सांगतो.